छत्तीस लाखबंद बाटल्या

अंधेरी,
५ डिसेंबर १९५४

मधुकरमामा,

तुझं खोकं बोटीने आलेल्या तुझ्या मित्राने गेल्या आठवड्यात आणून दिलं. छत्तीसच्या छत्तीस बाटल्या शाबूत आहेत. बाकी सगळी वाट लागली आहे.

तू लिहिलंस, "वेसाव्याच्या एखाद्या होडीतून जायचं आणि बाटल्या समुद्रात सोडून यायच्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे." देवगडला बसून तुला सगळंच अर्ध्या दिवसाचं वाटतं. आई म्हणते, तेरा वर्षांची मुलगी आणि समुद्रात, मधूचं डोकं फिरलंय. बाबांनी पेपरातून मान वरसुद्धा काढली नाही. खोकं पलंगाखाली आहे आणि आईचा केरसुणीचा हात त्याला लागला की रोज एक भाषण होतं.

माझ्या वर्गात जानकी आहे, वेसाव्याची. तिचे वडील, बाळाकाका, नाखवा आहेत. स्वतःची होडी आहे त्यांची. आज तिच्याकडे गेले तेव्हा ते अंगणात जाळं सांधत बसले होते. मी विचारलं तर हसले. म्हणाले, "पोरी, होरीवं बाईमानूस नेत नाय. तुला नाय आनि हिला पन नाय." जानकी माझ्यापेक्षा जास्त चिडली. तिला सगळे मासे ओळखता येतात, भरती-ओहोटी तोंडपाठ आहे, आणि एवढ्या वर्षांत तिने किनाऱ्यावरून होडी ढकलण्यापलीकडे काही केलेलं नाही.

ते असंही म्हणाले की सध्या एक लाँच फिरते आहे. दुसऱ्यांची जाळी कापून नेते. गेल्या महिन्यात तिघांची गेली.

मग त्यांनी विचारलं, बाटल्या सोडून करणार काय? हिवाळ्यात वारा उत्तरेचा, म्हणजे त्या दक्षिणेलाच जाणार, त्यात शोधायचं काय? तूच सांग.

उत्तरा


देवगड,
११ डिसेंबर १९५४

लाडके उत्तरा,

बाळा नाखव्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्यांना सांग, याच प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप आहे.

वारा वाहतो तिकडेच पाणी वाहतं असं सगळे धरून चालतात. मला तसं वाटत नाही. माझा अंदाज असा की थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी वाऱ्याच्या उलट, उत्तरेला सरकतं. ते खरं ठरलं तर बोंबील कुठल्या महिन्यात कुठे मिळणार याचा थोडा तरी माग लावता येईल. म्हणून प्रत्येक बाटलीत मी थोडी वाळू भरली आहे. त्यामुळे ती गळ्यापर्यंत बुडून राहते आणि वाऱ्याने न जाता पाण्याबरोबर जाते. आत माझ्या पत्त्याचं कार्ड आहे. ज्याला सापडेल तो गाव आणि तारीख लिहून टपालात टाकील. बुचावरची लाख आणि तिच्यावरचा शिक्का आमच्या मत्स्य कचेरीचा आहे, तो मोडू देऊ नकोस.

बाटली सोडताना तिचा नंबर, वेळ, आणि किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या दिशेला दिसते ते वहीत लिही. दर वेळी बालदीभर पाणी काढून थर्मामीटर बुडव.

खोक्यावर मी मुद्दामच काही लिहिलेलं नाही. सरकारी काम आहे, फार गाजावाजा नको. आणि त्या लाँचचं मनावर घेऊ नकोस. समुद्री चाचे इतिहासाच्या पुस्तकात संपले.

मी जानेवारीअखेर नोकरीत कायम होणार. मग तुला इथली प्रयोगशाळा दाखवीन.

मधुकरमामा


अंधेरी,
२८ डिसेंबर १९५४

मधुकरमामा,

चाचे संपलेले नाहीत.

बाळाकाकांचे दोघे खलाशी नाताळासाठी एरंगळला घरी गेले होते. जाळं तर काढायलाच हवं होतं. हाताखाली कुणी नाही म्हटल्यावर जानकीने रडून रडून त्यांना आम्हा दोघींना न्यायला राजी केलं. घरी मी सांगितलं की जानकीकडे राहायला जाते. हे खोटं तुझ्यासाठी बोलले, लक्षात ठेव.

रविवारी पहाटे पाचला ओहोटीबरोबर निघालो. आदल्या दिवशी अमावास्या झाली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. जानकी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला वाटलं घाबरली. जवळ जाऊन पाहिलं तर ती हसत होती.

उजाडल्यावर बाटल्या सोडायला लागले. मढचा किल्ला उजवीकडे ठेवून एकामागून एक नऊ सोडल्या. सगळं वहीत आहे. बाळाकाका जाळ्याजवळ पोचले आणि जाळं ओढायला लागले, तेवढ्यात लाँचचा आवाज आला. राखी रंगाची, नाव खरवडलेलं. चौघे जण, तोंडावर फडकी. त्यातला एक उडी मारून आमच्या होडीत आला, त्याच्या हातात कोयता होता.

"बाळा, गप बस," तो म्हणाला. म्हणजे त्याला नाव माहीत होतं.

त्यांनी जाळं कापून मासळीसकट लाँचवर ओढलं. मग शीड, वल्ही, नांगर. मग त्याला खोकं दिसलं. त्याने एक बाटली उचलून लाख पाहिली आणि बाकीच्यांना हाक मारली.

मी म्हटलं, "त्यात दारू नाहीये. ते शास्त्राचं आहे."

"शास्त्राला लाख लावतात होय?" तो म्हणाला, आणि सत्तावीस बाटल्या खोक्यासकट घेऊन गेला. मी खोकं धरून ठेवलं होतं. जानकीने माझा हात सोडवला. म्हणाली, "कोयता दिसत नाय काय तुला?"

ते गेल्यावर होडी नुसती तरंगत राहिली. जमिनीवरचा वारा होता, तो आम्हाला बाहेर ढकलत होता. किल्ला बारीक व्हायला लागला. बाळाकाकांनी बसायची फळी उपटून वल्हवून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. ते म्हणाले, "वारा खोलात नेतोय," आणि पहिल्यांदाच ते घाबरलेले दिसले.

तेव्हा जानकीने बोट दाखवलं. आमच्या बाटल्यांपैकी तीन लांबवर दिसत होत्या, फक्त गळे वर. त्या आमच्याबरोबर बाहेर येत नव्हत्या. त्या उत्तरेला, मढच्या किनाऱ्याच्या अंगाने चालल्या होत्या. मामा, तुझं खरं होतं. निदान त्या सकाळी तरी.

मी म्हटलं, होडीला वारा लागतो, बाटलीला लागत नाही. होडीला पाण्याने धरलं पाहिजे. बाळाकाकांनी हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझा आजा करायचा असा." आम्ही बालदी आणि मासळीच्या दोन टोपल्या दोरीला बांधून पाण्यात सोडल्या. दोरी ताणली. होडी हळूहळू वळली आणि बाटल्यांच्या वाटेने जायला लागली. जानकी म्हणाली की सहाला भरती लागली आहे, बारापर्यंत पाणी आतच येणार. तोवर दोरी तुटू द्यायची नाही. आम्ही तिघांनी पाळीपाळीने दोरी धरली. माझे दोन्ही तळहात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं.

दुपारी गोराईच्या वाळूत लागलो. तिथून खाडी ओलांडून बोरीवलीला. चौकीत हवालदाराने विचारलं, लाँचचा नंबर काय? बाळाकाका म्हणाले, नंबर लिहून चोरी कोण करतो? त्याने कागद बाजूला ठेवला.

घरी काय झालं ते लिहीत नाही. बाळाकाकांचं जाळं गेलं, ते दोन वर्षांत तयार झालं होतं. आता काय करायचं ते सांग.

उत्तरा


देवगड,
४ जानेवारी १९५५

लाडके उत्तरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही तिघं सुखरूप आहात हे फार मोठं. ताईला माझ्यावर रागावू दे, तिचा अधिकार आहे.

तुझी वही मात्र जिवापाड जप. नऊ बाटल्यांच्या नोंदी आहेत म्हणजे सगळंच गेलं नाही. पाण्याचं उष्णमान लिहिलंस का? ते तू कळवलं नाहीस. आणि बाटल्या मढच्या अंगाने गेल्या तेव्हा किती वाजले होते?

चौकीत माझं किंवा कचेरीचं नाव आलेलं नाही ना? उगाच कागदपत्रं वाढतात. झालं ते गेलं. जाळं पुन्हा होईल.

मधुकरमामा


अंधेरी,
१५ जानेवारी १९५५

मामा,

जाळं पुन्हा होईल हे मी बाळाकाकांना सांगितलं नाही. तूच येऊन सांग.

पोलिसांनी बाळाकाकांना धरलं. मनोरीच्या खाडीत, झाडीत, तुझं खोकं सापडलं. चोरांनी बाटल्यांतली वाळू आणि कार्डं फेकून हातभट्टीची भरली आणि वर पुन्हा लाख वितळवून लावली. काही बाटल्यांवर तुमचा शिक्का अजून अर्धा दिसतो. म्हणजे दारूबंदी असताना दारू, वर सरकारी शिक्क्याची नक्कल. दोन दिवस कोठडीत ठेवलं, मग गावच्या पाटलाने जामीन दिला म्हणून सोडलं. होडी जप्त आहे. खाडीत उलटी करून ठेवली आहे आणि तिच्यावर चुन्याने नंबर घातला आहे.

मी जानकीबरोबर चौकीत गेले, वही दाखवली. इन्स्पेक्टर वाईट नव्हते. त्यांनी सगळी पानं उलटली. म्हणाले, "बेटा, ही तुझी शाळेची वही आहे. बाटल्या सरकारच्या असतील तर सरकारचं पत्र आण. एक कागद, सहीशिक्क्याचा. मी आजच्या आज होडी सोडतो."

एक कागद, मामा. तुझ्या कचेरीत कागदाला काय तोटा आहे?

आता दुसरं. त्यांनी बाळाकाकांनाच का धरलं? कारण खोक्यावर शाईने "बाळा नाखवा, वेसावे" असं लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं. तू खोकं कोरं पाठवलंस, किनाऱ्यावर हरवू नये म्हणून निघायच्या आदल्या दिवशी लिहिलं. वेसाव्यात सगळ्यांना वाटतं, अडकवायला ते चोरांनी लिहिलं. मी कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगते आहे.

पत्र निघालं की तार कर.

उत्तरा


देवगड,
२२ जानेवारी १९५५

लाडके उत्तरा,

तुझं पत्र मिळालं. वाईट वाटलं. पण पोलीस म्हटले की असं चालायचंच, खटला उभा राहीपर्यंत आपोआप मिटेल. आमचे साहेब सध्या दौऱ्यावर आहेत आणि शिक्का त्यांच्याकडे असतो. ते आले की बघतो. खोक्यावरच्या नावाच्या भानगडीबद्दल मनाला लावून घेऊ नकोस, कुणाला कळायचं नाही.

आता एक आनंदाची बातमी. दोन कार्डं परत आली. चार नंबरची बाटली अर्नाळ्याला एका म्हातारीला सापडली, तीस डिसेंबरला. सात नंबरची थेट सातपाटीला, सात जानेवारीला. दोन्ही उत्तरेला, वाऱ्याच्या उलट. तुझ्या वहीतल्या वेळा लगेच उतरवून पाठव, म्हणजे वेग काढता येईल.

मधुकरमामा


अंधेरी,
२७ जानेवारी १९५५

श्री. मधुकर यांस,

वहीतल्या वेळा पाठवणार नाही.

तुमचे साहेब दौऱ्यावर आहेत हे मला पटलं होतं. पण काल बाबांच्या ऑफिसातले श्यामसुंदरकाका आले होते, त्यांचा भाऊ तुमच्याच कचेरीत आहे. ते म्हणाले की साहेब नाताळापासून देवगडातच आहेत, पाय मुरगळला म्हणून घराबाहेरसुद्धा पडत नाहीत.

जानकी सोमवारपासून शाळेत येत नाही. ती आईबरोबर सुकट घेऊन अंधेरीच्या बाजारात बसते. मी तिच्यासमोरून गेले तर तिने गिऱ्हाईकाकडे तोंड केलं. बाळाकाका दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. ज्यांनी जाळी चोरली त्यांना कुणी विचारत नाही. लाँचला हिरवा रंग दिला आहे, एवढंच. वेसाव्यात सगळ्यांनी पाहिली.

मी आईला म्हटलं तुम्हाला लिही. ती म्हणाली, मधूची नोकरी कायम होऊ दे, मग बघू. बाबा म्हणाले, पोलिसांच्या भानगडीत आपण पडायचं नाही. सगळ्यांचं सगळं व्हायचं आहे, मग बाळाकाकांचं.

तुम्हाला दोन कार्डं मिळाली. माणूस हरवला तरी चालतो का?

उत्तरा


देवगड,
२ फेब्रुवारी १९५५

उत्तरा,

तू मला जन्मात पहिल्यांदा तुम्ही म्हणालीस. ते पान मी खिशात घालून चार दिवस फिरलो.

साहेब दौऱ्यावर नव्हते. खरं असं आहे की हा प्रयोग कचेरीचा नाहीच. मी सप्टेंबरात तो मांडला होता. साहेब म्हणाले, यंत्रं आल्याशिवाय असले पोरखेळ नकोत. मला धीर धरवला नाही. बाटल्या मी दवाखान्यातून गोळा केल्या, कार्डं स्वतः लिहिली. पण लाख कचेरीची वापरली आणि शिक्काही न विचारता मारला, टपालवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी मनावर घ्यावं म्हणून. म्हणून खोकं कोरं होतं. म्हणून माझं नाव नको होतं. सरकारचं पत्र मागायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, आणि कायम व्हायच्या महिन्यात ते सांगायची मला भीती वाटली.

तू तुझी चूक मला लिहून कळवलीस. मी सत्तावीस वर्षांचा, आणि मी तुला लिहिलं की कुणाला कळायचं नाही.

आज सकाळी साहेबांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "शिक्क्याबद्दल मला वर कळवावंच लागेल. चौकीसाठी पत्र मात्र आत्ता घेऊन जा." पत्र माझ्याजवळ आहे. दोन्ही कार्डंही घेतली आहेत, त्यांच्यावर अर्नाळ्याचा आणि सातपाटीचा टपालाचा शिक्का आहे. तो तरी खोटा म्हणता येणार नाही.

पत्र टपालाने पाठवत नाही. शनिवारच्या बोटीने मीच येतो. माझं हे पत्र माझ्याआधी पोचलं तर बाळा नाखव्यांना निरोप दे. नाही पोचलं तर चौकीत भेटू.

मधुकर


अंधेरी,
६ मार्च १९५५

मधुकरमामा,

तू परत गेलास त्याला महिना होईल. तुझं नोकरीचं कळलं, आईला तू लिहिलंस त्यावरून. मार्चअखेर मोकळा होणार म्हणे. आई दोन दिवस जेवली नाही आणि आता सगळ्यांना सांगते आहे की मधूने राजीनामा दिला. खरं मला ठाऊक आहे.

तू गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

तू चौकीत इन्स्पेक्टरसमोर उभा राहून सगळं सांगितलंस तेव्हा मी बाकावर बसले होते. तुझ्यानंतर मीही बोलेन असं ठरवलं होतं. पण त्यांनी लगेच होडीच्या कागदावर सही केली, बाळाकाका रडले, तू त्यांच्या पाया पडायला वाकलास, आणि माझं राहून गेलं. मग मला असंही वाटलं की आता होडी सुटली, आता सांगून काय करायचं. तुला आवडणार नाही, पण त्या वेळी मला तुझी आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी एकटी वेसाव्याला गेले. जानकी सुकट वाळत घालत होती. मी म्हटलं, "खोक्यावर नाव मी लिहिलं होतं."

ती सुकट पसरत राहिली. म्हणाली, "मला ठाऊक आहे. पाचवीपासून तुझ्या वह्या उतरवतेय. तुझं अक्षर मी ओळखत नाय?"

"मग चौकीत का बोलली नाहीस?"

"तू बोलशील म्हनून थांबले." मग म्हणाली, "लय दिवस थांबवलंस."

एवढंच. मला वाटलं होतं की भांडेल आणि मग संपेल. ती भांडली नाही, आणि संपलंही नाही. बाळाकाकांना तिने माझ्यासमोरच सांगितलं. ते म्हणाले, "होरी खोलात चालली होती तवा दोरी सोडली नाय, आनि जमिनीवं येवन घाबरलीस." मला मारलं असतं तर चाललं असतं.

लाँच अजून फिरते आहे. मागच्या आठवड्यात खारदांड्याच्या दोघांची जाळी गेली. आता वेसावे, मढ आणि खारदांडा इथले नाखवे मिळून पाळीने पहारा देणार आहेत, पण पहिल्याच बैठकीत कुणाची पाळी आधी यावरून भांडण झालं. लाँचला हिरवा रंग आहे हे मी इन्स्पेक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. या वेळी कागद बाजूला ठेवला नाही, पण पकडलंही कुणाला नाही.

वहीतल्या वेळा सोबत उतरवून पाठवते आहे. पाण्याचं उष्णमानही आहे. कचेरी नसली तरी गणित तर करता येतं ना तुला? बाळाकाकांनी विचारलंय की पाणी कुठल्या महिन्यात उलटं फिरतं. त्यांच्या वडिलांच्या मते होळीनंतर. जानकी म्हणते तसं नाही, तिने किनाऱ्यावर करवंट्या सोडून बघितल्या आहेत, आधीच फिरतं. बापलेकीचं रोज यावरून वाजतं. तिला शाळेत परत पाठवायला बाळाकाका कबूल झाले आहेत, जूनपासून. एक वर्ष मात्र गेलं.

मी दर रविवारी त्यांच्या अंगणात नवं जाळं विणायला जाते. आईला खरं सांगून जाते, म्हणून रोज भाषण. जानकीची आई माझ्याशी बोलत नाही. पहिल्या रविवारी तिने मला बसायलाही सांगितलं नाही. मी उन्हात उभी राहून बघत होते, जानकीनेच मग सुई हातात दिली. सोपं दिसतं, मामा, आणि अजिबात सोपं नाही. गाठ सैल राहिली की भोक मोठं होतं, घट्ट झाली की सूत तुटतं. आज सकाळपासून बसून मी दोन हात लांब विणलं. पाठ मोडून गेली. संध्याकाळी जानकीच्या आईने ते उचललं, उजेडात धरून बघितलं आणि सगळंच्या सगळं उसवून टाकलं.

मग सुई पुसली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

तुझी
उत्तरा